वरच्या वाडीचा लाल डोंगर

माले, ता. मुळशी
११ एप्रिल २०१०

चि. जान्हवी,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नवे काढत नाही. तू विचारलंस की मामा, तुमच्या कॅफेत एवढे कॉम्प्युटर असताना तुम्ही पोस्टाचं पाकीट का पाठवता. अगं, मी मेल टाइप करायला बसलो की पाठीमागे चार पोरं उभी. मजकूर तुला पोचायच्या आधी पिरंगुटला पोचतो. आणि फोनवर मी गाव गोळा होईल असा बोलतो, हे तुझी हेमलतामामी लग्नापासून सांगते आहे. म्हणून पाकीट, चांगलं डिंकाने चिकटवलेलं.

तुमचा खेळ इथे सुरू झाला. 'आपलं खोरं' ही अक्षरं पडद्यावर आली आणि पोरांनी ओरडून छपराचे पत्रे उचलायचे तेवढे बाकी ठेवले. तू माझ्याकडून फोटो मागवले होतेस, धरणाच्या पाण्याची कड, माल्याची शाळा, वरच्या वाडीचा डोंगर, त्यांच्यावरूनच चित्र केलंस ना? पोरांनी बघताक्षणी ओळखलं. "आयला, ह्ये तर आपलंच हाय! ह्यो बघ कान्हूबाबाचा गोठा!" तू गोठा काढलास की नुसता ठिपका दिलास ते तुला ठाऊक. इथे तो आता कान्हूबाबाचा गोठा आहे.

गुरुजी शनिवारी सातवी-आठवीला घेऊन येतात. मला खेळ समजला तो असा: प्रत्येक पोराला एक खोरं मिळतं. झाडं राखायची की तोडायची, रस्ता कुठून न्यायचा, घरं कुठे बांधायची, हे त्याने ठरवायचं. वर्षं सरकतात, हवा तापत जाते, आणि पाऊस बिघडतो. वर्षाचा पाऊस तेवढाच, पण महिन्याचा पाऊस एका दिवसात. गुरुजींना हे फळ्यावर शिकवायला आठवडा लागला असता, पोरं एका दुपारीत शिकली. माझ्यासारख्या वीटभट्टीवाल्याला सुद्धा कळलं, म्हणजे बघ.

त्यात वरच्या वाडीची प्रियंका सगळ्यांत चलाख. माझ्या भट्टीवर कामाला येणाऱ्या कमळची मुलगी. वाडी डोंगराच्या खांद्यावर आहे, माणसं मजुरीला खाली येतात, हिरडा-करवंदं विकतात, वर थोडी नाचणी पिकवतात. ही पोर आठवीत आहे आणि माझ्या कॅफेतला माउस तिच्या हातात गरीब गाईसारखा चालतो. पहिल्या डावात तिने लाकूड विकून गाव श्रीमंत केलं. मग पाऊस आला, डोंगर लाल झाला आणि घसरून घरांवर बसला. बाकीची पोरं "गेलं, गेलं" करून हसली. ही माउस सोडून माझ्याकडे आली. मग मला विचारते, "काका, त्यात मानसं हुती का?"

"चित्रातली होती," मी म्हटलं.

"चित्रातली पन मानसंच की."

मी हसण्यावारी नेलं. पण जान्हवी, पोरांना इतकं घाबरवायची गरज होती का?

तुझा विठ्ठलमामा


कोथरूड, पुणे
१७ एप्रिल २०१०

विठ्ठलमामा, नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसमध्ये अमोघला वाचून दाखवलं. खेळातला पाऊस तोच पाडतो, म्हणजे त्याचा प्रोग्रॅम त्याने लिहिलाय. 'गरीब गाईसारखा माउस' त्याला फार आवडला. प्रियंकाचं वाक्य मी वाचलं तेव्हा मात्र तो खुर्ची फिरवून खिडकीकडे बघत बसला.

घाबरवण्यावरून आमच्यातही भांडणं झाली होती. आधी डोंगर नुसता करडा व्हायचा. इथल्या शाळांत मुलांना खेळायला दिलं तर ती डोंगर पाडायलाच खेळायला लागली. दरड आली की टाळ्या! त्यांना तो फटाका वाटला. मग आम्ही रंग लाल केला, आवाज घातला, घरं गाडली जाताना दाखवली. तापणाऱ्या हवेची भीती वाटलीच नाही तर लक्षात काय राहणार, असं आमचं म्हणणं. डोंगराच्या खालीच राहणारं एखादं मूल हा खेळ खेळेल, हे खरं सांगते, आमच्या डोक्यात आलंच नाही.

प्रियंकाला सांगा, घाबरू नकोस. डोंगर लाल होतो तो आपण जे करतो त्यामुळे. झाडं राखली, वरून रस्ता खोदला नाही, तर तो हिरवाच राहतो. आणि तो तुमचा डोंगर नाही. फोटो मी फक्त नमुन्याला घेतले होते.

मामींना सांगा, आंबे आले की येते.

जान्हवी


माले
४ मे २०१०

चि. जान्हवी,

आंब्यांचं नंतर. हे पत्र एकटी असताना वाच.

एकनाथ तुला आठवत नसेल. भरे गावाकडचा आहे, जमिनींची दलाली करतो, समोरच्याला "देवा" म्हणतो आणि देवाची जमीन विकून टाकतो. गेल्या आठवड्यात तो कॅफेत आला आणि कोपऱ्यातल्या मशीनवर प्रियंकाला घेऊन बसला. "पोरी, मला बी शिकव की तुमचा ख्योळ." मी गल्ल्यावर पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. लोकांना वाटतं मी वाचतो. माझ्या प्लायवूडच्या फळीपलीकडे कोण काय कुजबुजतं ते मला इथे स्वच्छ ऐकू येतं.

"हितली झाडं काढ. समदी काढ. आता वाडीच्या वरनं रस्ता घाल. आजून एक. आता पाड पाऊस."

मग प्रिंटर चालू झाला. डोंगर लालभडक, खाली घरं दबलेली. रंगीत प्रिंट मीच काढून त्याच्या हातात दिली. म्हटलं भाच्याला दाखवायची असेल. कान ऐकत होते, डोकं पेपरात होतं.

काल कमळ खाली आली. पदरात तो कागद, चार घड्या घातलेला. "विठ्ठलराव, ह्ये सरकारी हाय का?"

एकनाथ वाडीवर जाऊन सांगून आला आहे की पुण्याच्या मोठ्या कॉम्प्युटरने काढलंय, हा डोंगर याच पावसाळ्यात येणार. एकदा सरकारने धोक्याचा म्हणून शिक्का मारला की जमीन फुकटसुद्धा कोणी घेणार नाही. आज गिऱ्हाईक आहे, आज अंगठे द्या आणि मोकळे व्हा.

तू म्हणशील, लोक विश्वास कसा ठेवतात? अगं, सातबारे कॉम्प्युटरवर गेल्यापासून इथे कॉम्प्युटरच्या कागदाशी कोणी भांडत नाही. त्यात नाव चुकलं तर माणूस स्वतःलाच चुकलेला समजतो. आणि वाडीच्या बाबतीत आणखी एक आहे. म्हातारा कान्हू मला म्हणाला, "विठ्ठला, धरनाच्या वक्ताला माझ्या बानं बी असाच रंगवल्याला कागद बघितला हुता. त्यात आमचं गाव निळं हुतं. निळं म्हंजी काय, कुनी इचारलं न्हाई. आता ह्यो लाल."

अंगठा अजून कोणी दिलेला नाही. पण मनातून अर्धी वाडी देऊन बसली आहे. कान्हू दिवसभर डोंगराकडे तोंड करून बसतो. प्रियंका तर कोणाशी बोलतच नाही, कारण पडद्यावर डोंगर पाडला तो तिच्याच हाताने. तिला वाटतं, आपणच कायतरी केलं.

काय सांगू त्यांना? लवकर लिही. मी हसतमुख माणूस, पण दोन दिवस दुकानात हसलो की तोंड दुखतं.

विठ्ठलमामा


पुणे
७ मे २०१०

मामा,

हे पत्र कुरिअरने पाठवतेय.

तो कागद सरकारी नाही. त्यात कोणतंही भविष्य नाही. एकनाथने झाडं तोडायला लावली म्हणून डोंगर लाल झाला, दुसरं काही नाही. वाडीला खाली बोलवा आणि सगळ्यांसमोर खेळ दाखवा. प्रियंकालाच खेळू दे. झाडं तोडल्यावर काय होतं आणि राखल्यावर काय होतं, दोन्ही दाखवा. ज्यांनी कागद बघून विश्वास ठेवला, ते पडदा बघून सोडतील.

अमोघ आता प्रत्येक प्रिंटवर मोठ्या अक्षरात 'हा खेळ आहे' असं टाकतोय. हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. आम्हाला वाटलं, खेळ आहे हे कोणाला सांगावं लागेल?

जान्हवी


माले
१८ मे २०१०

चि. जान्हवी,

जिंकलो!

रविवारी वीज टिकली. सगळी वाडी खाली आली, बायका ओट्यावर, म्हातारे खुर्च्यांवर, पोरं एकमेकांच्या खांद्यावर. एकनाथलासुद्धा मुद्दाम निरोप धाडला होता, "या शेठ, साक्षीला." आला बिचारा, पांढरे कपडे घालून.

प्रियंकाला बसवलं. आधी हात लावेना. मी म्हटलं, "तू पाडलास ना? मग तूच उभा कर." तिने झाडं तोडली, डोंगर लाल, बायकांनी डोळ्यांवर पदर घेतले. मग डाव मोडला, नवा मांडला, झाडं राखली, पाऊस पाडला. डोंगर हिरवागार, जाग्यावर.

कान्हू उठून पडद्याजवळ गेला. बोट लावून म्हणाला, "पुन्ना पाड." पाडला. "आता हुबा कर." उभा केला. मग म्हातारा वळला आणि तोंडात दात नसताना असा हसला, असा हसला की हसू सगळ्या ओट्यावर पसरलं. कमळ एकनाथला म्हणते, "काय देवा, आमचा डोंगर तुमी बटान दाबून पाडताय व्हय? मग तुमचा बंगला बी दाबून बघू का जरा?"

प्रियंकाने लगेच पलीकडच्या टेकडीवरची झाडं साफ केली, जिथे एकनाथचा बंगला आहे. टेकडी आली खाली! एकनाथ "गाडी उन्हात हाय" म्हणून जो निघाला तो गेलाच.

मग मला जोर चढला. स्टुलावर उभा राहिलो आणि म्हणालो, "मंडळी, ह्यो खेळ हाय. नुसता खेळ! डोंगर तुमच्या आज्यापंज्यापासनं हुबा हाय, त्यो काय इजेवर चालत न्हाई. गप झोपा घरात." टाळ्या पडल्या. मला अशा टाळ्या ग्रामपंचायतीला पडलो तेव्हासुद्धा मिळाल्या नव्हत्या.

प्रियंका तेवढी हसली नाही. माझा सदरा ओढून म्हणते, "पन काका, वाडीच्या वरनं रस्ता तर खराच काढलाय." मी म्हटलं, "मोठ्यांच्यात बोलू नये." हल्लीची पोरं लई शंका काढतात.

मामीने तुझ्या नावाने पुरणपोळी केली. तू नव्हतीस म्हणून मी खाल्ली.

विठ्ठलमामा


पुणे
२३ मे २०१०

मामा,

कुठला रस्ता?

कोणी काढला, कधी, वाडीच्या किती वर? माती कुठे टाकली? कृपा करून हे आधी बघा, मग पुढचं वाचा.

एक गोष्ट मी तुम्हाला लिहिली नव्हती. फोटो नुसते नमुन्याला घेतले, असं लिहिलं, ते अर्धंच खरं होतं. आमच्या कामाला सल्ला द्यायला रजनीताई येतात, भूगर्भशास्त्र शिकवतात. जानेवारीत त्यांनी तुमचा वाडीचा फोटो बराच वेळ बघितला. म्हणाल्या, "ही झाडं बुंध्याशी वाकलीत बघ. आणि ही घरं बसलीत तो खांदा मूळचा डोंगर नसावा. कधीतरी वरून आलेला राडा असावा. जाऊन बघायला पाहिजे." गेलं कोणी नाही. खेळ सुरू करायची तारीख जवळ आली होती. एका फोटोवरून उगाच घबराट कशाला, असं मी मनाला समजावलं आणि ते चित्र तसंच ठेवलं, कारण ते सुंदर होतं.

रजनीताईंनी सांगितलेल्या खुणा लिहिते. झऱ्याचं पाणी एकदम गढूळ किंवा लाल येणं, किंवा झरा अचानक बंद होणं. दारं-खिडक्या चौकटीत अडकायला लागणं. जमिनीला भेगा. झाडं, खांब कलणं. यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही. पूर्वी कधी झालं नाही, याला आता अर्थ नाही. पाऊसच पूर्वीचा राहिलेला नाही.

तुम्ही स्टुलावरून जे बोललात ते परत घ्या, मामा.

जान्हवी


माले
१२ जून २०१०

चि. जान्हवी,

कागद खोटा आहे म्हणून तूच लिहिलंस. आता म्हणतेस डोंगर खरा आहे. मी काय करू? परवा ज्यांना हसवलं त्यांच्यासमोर जाऊन सांगू की हसू नका? म्हणजे मी आणि एकनाथ यांत फरक राहिला तो पांढऱ्या कपड्यांचाच.

रस्ता बघून आलो. मध आणायला चाललो असं सांगून गेलो. वर कोणीतरी प्लॉट पाडायला घेतलेत, त्यासाठी जेसीबीने डोंगर कापलाय. लहानच आहे रस्ता. माती खालच्या अंगाला लोटली आहे. झाडंही काही गेली आहेत. इतकं काही नाही.

तुझ्या खुणा मी कोणाला सांगितल्या नाहीत आणि सांगणारही नाही. वाडी आत्ता कुठे नीट जेवायला लागली आहे.

तुला राग आला असेल तर येऊ दे. मामी विचारते, तुम्ही ताटातला भात तसाच का ठेवता. तिला सांगितलं, उकाड्याने. आणि रेडिओवर पावसाच्या बातम्या लागल्या की मी आवाज मोठा करतो, मग बंद करतो, मग पुन्हा लावतो. तेवढं सोडलं तर सगळं ठीक.

विठ्ठलमामा


पुणे
१९ जून २०१०

मामा,

रागावले नाही. तुम्ही 'इतकं काही नाही' लिहिलंत ते अक्षर तुमच्या नेहमीच्या अक्षरासारखं नाही.

दोन गोष्टी सांगते. रजनीताई पाऊस संपल्याशिवाय येऊ शकत नाहीत. तालुक्याच्या कचेरीला पत्र टाकलंय, उत्तर नाही. दुसरी अशी की त्या सगळ्या खुणा आम्ही खेळाच्या पुढच्या टप्प्यात घातल्या आहेत, लाल पाणी, अडकलेली दारं, सगळं. तुमच्या कॅफेतून कोण कुठवर पोचलं हे आम्हाला इथे दिसतं. प्रियंकाने तो टप्पा दोनदा पूर्ण केलाय. तुम्ही सांगितलं नाहीत तरी तिला माहीत आहे, आणि ती त्या घरात झोपते.

एकनाथ ठरलात तर ठरलात, मामा. जा.

जान्हवी


माले
२६ जुलै २०१०

चि. जान्हवी,

तुझ्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. लाज होती. आज सगळं लिहितो.

गुरुवारपासून इथे पाऊस असा लागला की कॅफेच्या पत्र्याखाली शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. माझ्या कानांचा काही उपयोग उरला नाही, ह्याचंच मला आधी भ्या वाटलं. काल दुपारी प्रियंका दारात उभी राहिली. डोक्यावर प्लॅस्टिकचं पोतं, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल.

"काका, झऱ्याचं पानी लाल आलंया."

"पावसाचं असतं गं."

"रोज पाऊस हाय, रोज न्हवतं लाल. कान्हूबाबाचं दार लागंना. आईला म्हनलं तर म्हनती, विठ्ठलरावांनी सोता सांगितलंया, खेळ हाय त्यो, गप बस."

जान्हवी, माझंच वाक्य त्या पोरीच्या तोंडून माझ्याच दारात आलं. मी चप्पल घातली की नाही, आठवत नाही.

पायवाट ओढा झाली होती. मला धाप, पुढे ती पोर, "हितं पाय द्या, काका, हितं नको." वर पोचलो तर वाडी निवांत. चुली पेटलेल्या, बायका पानं निवडतायत. कान्हूच्या पडवीत बसलो. कमळने चहा आणून दिला. मी म्हटलं, "सगळ्यांनी खाली चला. आत्ता. माझ्या वीटभट्टीची शेड मोकळी आहे."

कान्हू म्हणाला, "काय झालं?"

"डोंगर यायचा आहे."

सगळे हसले. कान्हू म्हणतो, "परवा म्हनला हुबा हाय, आज म्हंतुया येतोय. बटान कुनी दाबलं रं?"

"कान्हूबा, तेव्हा मी चुकलो."

"मग आज चुकत न्हाईस कशावरनं?" म्हातारा माझ्या तोंडाजवळ आला. "एकनाथानं धाडला का? आमी खाली उतरलो की वरच्या जमिनीचा कागूद करायचा, आसं ठरलंय का तुमचं?"

आयुष्यभर बोलून पोट भरलं, एसटी स्टँडवर वडे विकले ते बोलून, भट्टी चालवली ती बोलून. काल शब्द आला नाही. मी म्हटलं, "तुम्ही येत नाही तर मीही जात नाही. इथेच बसतो."

"बसा की," कोणीतरी म्हणालं. "पन उचलाय चार गडी लागतील ह्यास्नी."

पुन्हा हसू. मी चहा तोंडाला न्यायला गेलो तर कप बशीवर वाजायला लागला. थांबवू म्हटलं तर थांबेना. चहा धोतरावर सांडला. मी कप खाली ठेवला तर माझे दात वाजायला लागले. मला डोंगर दिसत नव्हता, छप्पर होतं मध्ये. पण पाठीत तो जाणवत होता, कोणी मागे येऊन उभं राहावं तसा.

हसणं हळूहळू थांबलं. कमळ माझ्या हाताकडे बघत होती. म्हणाली, "एकनाथ भ्या दाखवाय आला तवा ह्याच पडवीत बसून दोन कप च्या पिऊन गेला. थेंब सांडला न्हाई त्यानं. डोंगर येनार म्हनत हुता, आन पाय पसरून बसला हुता. ह्यांचं बघा." मग ती उठली, चुलीवरचं भाताचं पातेलं उतरवलं आणि डोक्यावर घेतलं. "प्रियंके, धाकट्याला घे."

ती निघाल्यावर दुसरी निघाली. मग सगळ्याच. कोंबड्या टोपल्यात, म्हातारी पाठीवर. कान्हू सगळ्यांत शेवटी, म्हैस ओढत, मला शिव्या देत. "न्हाई आला डोंगर तर तुझ्या दारात म्हस बांधीन, जल्मभर चारा घालशील." मी म्हटलं, "घालीन, बाबा, घालीन."

आत्ता सगळे शेडमध्ये आहेत. डोंगर उभा आहे. लोक म्हणतायत उद्या वर जाणार. कसे थांबवू कळत नाही. फोन मेले आहेत. हे पाकीट पौडला जाणाऱ्या दूधवाल्याकडे देतो.

विठ्ठलमामा


पुणे
३० जुलै २०१०

मामा,

पत्र आज मिळालं. फोन लागत नाही. कॅफेचं नेट बंद आहे, इथून कोणीच दिसत नाही, एकही खोरं उघडलेलं नाही. अमोघ सारखं तेच पान पुन्हा पुन्हा उघडतो. पौडच्या पुढे रस्ता बंद म्हणून आम्हाला परत फिरवलं.

वर गेले का ते? एवढंच लिहा. एक ओळ.

जान्हवी


माले
४ ऑगस्ट २०१०

चि. जान्हवी,

नाही गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडी बांधून तयार होते. मी वाटेवर आडवा उभा होतो आणि कान्हू मला काठीने बाजूला करत होता, तेव्हाच आवाज झाला. मी जन्मभर कानांवर जगलो, पण हा आवाज आधी पायांना आला. मग झाडं मोडल्यासारखा, मग पुष्कळ बैलगाड्या एकदम उतरल्यासारखा. मग काहीच नाही, नुसता पाऊस आणि ओल्या मातीचा वास, इतका दाट की पोरं खोकायला लागली.

धुकं फाटलं तेव्हा खांद्याचा अलीकडचा अर्धा भाग नव्हता. कान्हूचं घर नाही, कमळचं नाही, पलीकडची दोन नाहीत. माणूस एकही गेलं नाही. कोणी रडलं नाही, हे मला सगळ्यांत भयंकर वाटलं. कान्हू काठी टेकून बघत राहिला. किती तरी वेळाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हात मला उचलून बाजूला करावा लागला, कारण त्याला तो काढता येईना.

परवा रस्ता थोडा मोकळा झाला आणि सगळ्यांत आधी कोण आलं असेल? एकनाथ. जीपमध्ये घोंगड्या, बिस्किटांचे पुडे. डोळ्यांत पाणी सुद्धा आणलं होतं. घोंगड्या वाटून झाल्यावर कमळपाशी बसला. "देवा, मी सांगत हुतो का न्हाई? आता तरी ऐका. आता त्या जागंत काय ऱ्हायलंय? खाली आलाच हायसा, वरचं देऊन टाका."

मला वाटलं आता अंगठे पडले. खोटा कागद खरा झाला होता, माझ्या जिभेवर बोलायला काही उरलं नव्हतं. आणि कमळ घोंगडी अंगावर घेऊन, अगदी शांतपणे म्हणाली, "डोंगर येनार हे खरं निगालं. पन डोंगर आला म्हंजी जमीन तुमची झाली, आसं कुठं हाय? झोपायला आमी खाली आलो. नाचनी आमची वरच हाय." मग घोंगडीची घडी केली नाही, परत दिली नाही, तशीच गुंडाळून बसली. एकनाथ उठला.

तुझ्या खेळात चूक आहे, जान्हवी. काल वीज आली, तर प्रियंका पहिली कॅफेत. मी म्हटलं, नको गं आता ते. ऐकलं नाही. तिने वाडीची घरं खाली हलवली, तर तुमच्या खेळाने वरचं सगळं पांढरं करून टाकलं, रिकामी जागा. तिने पुन्हा हलवली, पुन्हा पांढरं. माझ्याकडे वळून म्हणते, "काका, घर हलवलं तर शेत कसं जातंय? ताईला लिवा, घर खाली आन शेत वर, आसं कराय येत न्हाई ह्यात. एकनाथ बी असंच म्हंतुया."

मी काय सांगणार? हे तू आणि अमोघने बघायचं. पण लवकर. ती रोज येऊन विचारते, आलं का उत्तर. आणि या आठवड्यात गुरुजी सगळ्या शाळेला पुन्हा खेळायला आणणार आहेत, तेव्हा पोरांना पांढरी जागा दिसायला नको.

रजनीताईंना आता पाऊस संपायची वाट बघू नका म्हणावं. राहिलेला अर्धा खांदा अजून वर आहे. आज सकाळी प्रियंका आणि मी लांबून बघून आलो. त्याच्यावरची झाडं खाली वाकलेली आहेत, आणि पाऊस थांबलेला नाही.

विठ्ठलमामा